लग्नातली प्रतिज्ञा स्वतः लिहायची म्हणजे नेमकं काय लिहायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरात नाशिकला लग्न आहे. घरच्यांना सगळे विधी यथासांग हवेत, आणि तुम्हा दोघांना त्यातच एकमेकांसमोर स्वतः लिहिलेली प्रतिज्ञा म्हणायची आहे. होणारा नवरा छान लिहितो, तुम्हाला मात्र दोन ओळींपुढे काही सुचत नाही. नेटवर सापडलेले नमुने सगळे एकाच छापाचे वाटतात. आजी म्हणते, ‘हे चर्चमधलं खूळ आपल्यात कशाला?’ शिवाय किती लांब लिहायचं आणि विधीत हे बसवायचं कुठे, हेही तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात पौरोहित्य करते. वैदिक पद्धतीची लग्नं लावते, आणि नोंदणी विवाह झाल्यावर ज्यांना घरच्या माणसांसमोर छोटा समारंभ हवा असतो त्यांचेही करते. स्वतःची प्रतिज्ञा लिहून आणणारी जोडपी आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांचे कागद लग्नाआधी वाचायला मागायचे, ही माझी पद्धत. पुढचं सगळं त्या कागदांवरून आलेलं आहे.

‘सुचत नाही’ ही तुमची खरी अडचण आहे असं मला वाटत नाही. ज्यांना सुचत नाही त्यांचं बहुतेक वेळा एकमेकांना काय कबूल करायचं हेच ठरलेलं नसतं. ते ठरलं की शब्द साधे पुरतात. आणि खरं सांगायचं तर मला तुमची नाही, तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचीच काळजी जास्त वाटते. ज्याला लिहिता येतं त्याला काहीही न ठरवता पानभर लिहिता येतं.

अशा लिहित्या हातांकडून येणारा पहिला खर्डा साधारण असा असतो: “तू आलीस आणि माझं जग बदललं. सात जन्म मी तुझाच राहीन. तुझ्या डोळ्यांत कधी पाणी येऊ देणार नाही. सुखदुःखात सावलीसारखा तुझ्यासोबत उभा राहीन. तुझी स्वप्नं ती माझी स्वप्नं.”

ऐकायला वाईट नाही. टाळ्या पडतील, एखादी मावशी डोळे पुसेल. पण एकेक वाक्य उचला आणि विचारा, हे मोडलं तर कळणार कसं? पहिल्या वाक्यात कबुली आहे, प्रतिज्ञा नाही. सात जन्मांचा हिशेब तपासायला कुणी येणार नाही. डोळ्यांत पाणी तर पाठवणीला, म्हणजे दोन-चार तासांतच येणार आहे. सावलीसारखं उभं राहायचं म्हणजे सकाळी उठून काय करायचं? आणि ‘तुझी स्वप्नं ती माझी स्वप्नं’ ऐकताना मुलीच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की उद्या माझी नागपूरला बदली झाली तर काय?

माझी कसोटी एवढीच आहे. जी मोडली तर दोघांनाही कळेल, ती प्रतिज्ञा. उरलेलं सगळं कौतुक. कौतुकालाही जागा आहे, सुरुवातीच्या दोन-तीन ओळी त्याला खुशाल द्या. पण कागदभर कौतुकच असेल तर ते साठीशांतीला म्हणायचं भाषण झालं.

ही कसोटी मी घरी बसून काढलेली नाही, जुन्या विधींमध्येच ती आहे. सप्तपदी पाहा. अग्नीजवळ तांदळाच्या सात राशी मांडलेल्या असतात आणि नवरी एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जाते. पहिलं पाऊल ‘इष एकपदी भव’, म्हणजे अन्नासाठी. दुसरं बळासाठी, तिसरं धनवृद्धीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. शेवटचं ‘सखा सप्तपदी भव’, सातव्या पावलाला तू माझी सखी हो. धान्य, ताकद, पैसा, मुलंबाळं, बदलणारे दिवस, एवढं सगळं पार केल्यावर मैत्रीचं नाव निघतं. नेटवरचे नमुने मैत्रीपासून सुरू होतात आणि धान्यापर्यंत पोचतच नाहीत.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात वर आणि वधू पाच-पाच प्रतिज्ञा घेतात, त्या सिगालोवाद सुत्तातून, म्हणजे बुद्धाने गृहस्थाला केलेल्या उपदेशातून आलेल्या. वराच्या पाच अशा: पत्नीचा सन्मान करीन, तिचा अवमान करणार नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहीन, घरातला अधिकार तिच्या हाती देईन, ऐपतीप्रमाणे वस्त्रालंकार देईन. वधूच्याही पाच आहेत: कामं नीट लावणं, दोन्हीकडच्या माणसांचं आदरातिथ्य, एकनिष्ठा, मिळकत सांभाळणं, कामात कुशल आणि तत्पर राहणं. कामाची वाटणी आजच्या जोडप्याला जशीच्या तशी पटणार नाही, ते ठीक आहे. पण दहाच्या दहा प्रतिज्ञा पाहा, प्रत्येक गोष्ट वागण्यात दिसणारी आहे. ‘मला तुझ्याविषयी असं असं वाटत राहील’ अशी त्यात एकही नाही.

आणि सत्यशोधक पद्धत तर तुमच्या मनात आहे त्याच्या सर्वांत जवळची. सत्यशोधक समाज सप्टेंबर १८७३ मध्ये पुण्यात स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे १८८७ साली जोतीराव फुल्यांनी पूजाविधीची पुस्तिका छापली. तिच्यातली मंगलाष्टकं वर आणि वधू आळीपाळीने म्हणतात. आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा आमचे हक्क देशील अशी शपथ घे, असं वधू भर मांडवात वराला सांगते आणि वर तशी शपथ घेतो. म्हणजे मराठीत, लग्नात, एकमेकांना उद्देशून, आणि तीही अटीसकट. हे सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. आजीला हे सांगा.

आजीला आणखीही एक सांगता येईल. कन्यादानाच्या वेळी वधूपिता म्हणतो, धर्मात, अर्थात आणि कामात हिचं उल्लंघन करू नकोस, आणि वर म्हणतो, ‘नातिचरामि’. आपल्या लग्नातली ही सर्वांत कडक प्रतिज्ञा, एका शब्दाची. फक्त ती सासऱ्यांना दिलेली असते. जिच्याविषयी ती आहे ती मुलगी शेजारी बसलेली असते आणि तिला काही म्हणायचं नसतं. सप्तपदीतही मंत्र वराच्या तोंडी, पावलं वधूची, आणि त्यातच ‘मला अनुसरणारी हो’ असंही येतं. इथे अनेक मुली अडखळतात आणि मला विचारतात. मी अर्थ लपवत नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी मराठीत अर्थ सांगत संस्कार करायची पद्धत रुळवली, मीही त्याच वळणाची आहे. अर्थ कळला की प्रश्न येणारच. तुमच्या प्रतिज्ञेची गरज मला इथे दिसते. विधीत प्रतिज्ञा भरपूर आहेत, पण दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बरोबरीने बोलायची जागा कमी आहे. तेवढीच जागा तुम्ही भरताय. ‘आजी, जो शब्द तो बाबांना देणार आहे तोच मलाही देतोय, आणि मीही त्याला देतेय,’ एवढं म्हटलं तर बहुतेक आज्या ऐकतात. (चर्चचं म्हणाल तर गोव्यात किंवा वसईत कॅथलिक लग्नाला जाऊन पाहा. तिथले संमतीचे शब्द ठरलेले असतात, मनाने लिहिलेले सहसा चालत नाहीत. स्वतः लिहायची मुभा उलट आपल्याकडेच जास्त आहे.)

आता लिहायचं कसं. कोरा कागद घेऊन बसू नका. आधी दोघांनी एक संध्याकाळ मोकळी काढा, फोन बाजूला ठेवा आणि बोला. मी जोडप्यांना काही प्रश्न देते. तुमचे वेगळे असतील, पण प्रकार हाच. भांडण झालं की तुम्ही काय करता, गप्प बसता की आवाज चढवता, आणि समोरच्याला त्यातलं काय सोसवत नाही? कुणाला न विचारता किती पैसे खर्च करायची मुभा हवी? भावाला किंवा मित्राला उसने द्यायचे असतील तर? आईवडील आजारी पडले तर रजा कोण काढणार, आणि दोन्ही घरांना तोच नियम का? गणपती कुणाच्या घरी? मूल हवं का, कधी, आणि झालं नाही तर? मी कोणत्या सवयीमुळे तुला त्रास देणार आहे, हे मला आत्ताच माहीत आहे का?

यातली निम्मी उत्तरं प्रतिज्ञेत येणार नाहीत आणि येऊही नयेत. गृहकर्जाचा हप्ता कोण भरणार हे चारशे माणसांसमोर सांगायचं काही कारण नाही. मूल हवं की नको, हे तर नाहीच नाही. पण बोलणं झालं की लिहायला काहीतरी हाताशी येतं.

एका मुलाने लिहिलं होतं, “तुझ्या करिअरला कायम साथ देईन.” मुलगी बँकेत अधिकारी, बदलीची नोकरी. मी एवढंच विचारलं की बदली आली तर पहिला फोन कुणाला करशील? तो म्हणाला, आईला. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. पुढचे काही दिवस त्या दोघांनी काय बोलणं केलं ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. पण लग्नात जे वाक्य आलं ते असं: “तुझ्या बदलीची ऑर्डर आली तर आपण दोघं आधी बसून ठरवू. घरच्यांना ठरल्यावर सांगू, आणि सांगायचं काम माझं.” पहिल्या रांगेत त्याची आई बसलेली होती. हे वाक्य मोडलं तर तिच्यासकट सगळ्यांना कळेल.

वरचा सावली आणि सात जन्मांचा खर्डा याच रीतीने दुरुस्त केला तर तो काहीसा असा होईल:

“मला राग आला की मी गप्प बसतो, हे तुला माहीत आहे. ही सवय एका दिवसात जाणार नाही. पण झोपायच्या आधी, मला राग आलाय आणि तो कशाचा आलाय, एवढं तरी तुला सांगेन. पैसे तू कमावलेले असोत की मी, कर्ज काढताना आणि कुणाला उसने देताना तुला विचारीन, मागणारा माझा सख्खा भाऊ असला तरी. तुझी रात्रपाळी असेल आणि घरात कुणी विचारलं की ही अजून आली कशी नाही, तर उत्तर मी देईन. तुझ्या आईबाबांकडे जायला तुला माझी परवानगी लागणार नाही. आणि मी चुकलो तर चुकलो म्हणेन. लगेच जमेल असं नाही, पण म्हणेन.”

यात एकही अलंकार नाही. तरी ही मोठ्याने वाचून पाहा. ‘मागणारा माझा सख्खा भाऊ असला तरी’ इथे मांडव हसेल, आणि रात्रपाळीच्या वाक्याला बायका माना डोलावतील. मुद्दाम विनोद पेरायची गरज पडत नाही.

काय लिहू नये याबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. ‘कधीच’ आणि ‘नेहमी’ हे शब्द खोडा, किंवा फक्त एकनिष्ठेच्या वाक्यात ठेवा, तिथे ते शोभतात. दुसऱ्याच्या वतीने शब्द देऊ नका. ‘माझी आई तुला मुलीसारखं वागवेल’ ही त्या बाईंच्या वतीने घेतलेली शपथ झाली, त्यांना विचारलंय का? समोरच्याची खासगी गोष्ट बाहेर काढू नका, मग ती कितीही प्रेमाने सांगितलेली असो. जुनं आजारपण, मोडलेलं आधीचं लग्न, वडिलांचं व्यसन, यातलं काही तुमच्या कागदावर असेल तर ज्याची गोष्ट आहे त्याला आधी विचारा. आणि ‘तू मला पूर्ण केलंस’ या जातीची वाक्यं कृपा करून गाळा. ती मराठीत कुणीच म्हणत नाही.

भाषेबद्दलही थोडं. रोज एकमेकांना ज्या भाषेत बोलता तीच ठेवा. दोघं एकमेकांना अरे-तुरे करता ना? मग मांडवात अचानक ‘आपण माझ्या जीवनात पदार्पण केलेत’ नको. प्रत्येक वाक्याआधी ‘मी वचन देतो की’ लावायची गरज नाही. ‘येईन’, ‘सांगेन’, ‘विचारीन’ म्हटलं की शब्द दिला गेलाच. एकदा सुरुवातीला म्हणा, पुरे. घरात हाक मारायचं नाव असेल तर तेच वापरा, पत्रिकेतलं नको. यमक जुळवायचा मोह होईल, आपल्या बायकांच्या जिभेवर उखाणा जन्मापासून असतो. तो गृहप्रवेशाला आणि घास भरवताना घ्या, तिथे भाजीत भाजी मेथीची चालते. प्रतिज्ञेत यमक आलं की लोक अर्थ सोडून पुढच्या यमकाची वाट बघतात. तसंच मंगलाष्टकांचं. काकांनी शार्दूलविक्रीडित वृत्तात बसवलेली, दोन्ही घरांची नावं गुंफलेली मंगलाष्टकं आपल्याकडे होतातच, होऊ द्या. तो थोरांचा आशीर्वाद आहे. तुमचं बोलणं त्याच्या चालीत म्हणू नका.

‘तो छान लिहितो, मला येत नाही’ यावर माझा उपाय असा. तुम्ही लिहू नका, बोला. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि एखाद्या मैत्रिणीला सांगताय असं समजून सांगा, की या माणसाशीच लग्न का करतेय आणि त्याच्यासाठी मी काय करीन, काय करणार नाही. दुसऱ्या दिवशी ऐका आणि जसंच्या तसं उतरवून काढा. त्यात तीन-चार वाक्यं अशी सापडतील की ती तुमचीच आहेत हे ओळखीचं कुणीही सांगेल. त्यांना हात लावू नका. एका मुलीचा सगळा कागद अवघ्या चार ओळींचा होता. त्यातली एक ओळ, “तू चुकलास तर तुला सांगेन, पण चारचौघांत सांगणार नाही,” आणि दुसरी, “माझा पगार किती हे तुला माहीत असेल, आणि तुझा मला.” नवऱ्याने पानभर लिहिलं होतं, चांगलं लिहिलं होतं. तरी लग्नानंतर पाहुण्यांच्या तोंडी तिच्या ओळी होत्या.

दोघांनी ठरवून घ्यायच्या गोष्टी तीन: लांबी, प्रतिज्ञांची संख्या, आणि थट्टा चालेल की नाही. एकाने पाच मिनिटं बोलायचं आणि दुसरीने अर्ध्या मिनिटात आटपायचं, यात कमी बोलणाऱ्याला उगीच ओशाळं वाटतं. दीडशे ते पावणेदोनशे शब्द म्हणजे सावकाश वाचले तर साधारण दीड मिनिट. त्यात दोन ओळी कौतुकाच्या आणि चार-पाच प्रतिज्ञा बसतात. त्याहून जास्त प्रतिज्ञा लक्षातही राहत नाहीत, आणि लक्षात न राहणाऱ्या प्रतिज्ञेचा उपयोग काय?

एकमेकांना आधी वाचून दाखवायचं का, यावर जोडप्यांत दोन तट असतात. मी वाचून दाखवा म्हणते. सगळी मजा जाईल असं मुलं म्हणतात. पण जो शब्द समोरच्याला हवाच नव्हता तो त्याला माणसांसमोर द्यायचा, आणि तिथे त्याला ‘थांब, हे नको’ म्हणायची सोय नाही, हे मला पटत नाही. एकाने लिहिलं होतं की लग्नानंतर तुला नोकरी करायची गरज पडणार नाही. त्याला तो मोठा त्याग वाटत होता. मुलीने आदल्या आठवड्यात वाचलं म्हणून निभावलं. अगदीच गुपित ठेवायचं असेल तर कौतुकाच्या ओळी गुपित ठेवा आणि प्रतिज्ञा दाखवा.

विधीत बसवायचं कुठे? माझ्या अनुभवात दोन जागा चालतात. पहिली, मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या आणि हार घातले की लगेच. त्या घटकेला सगळे हजर असतात आणि उभे असतात. तोटा असा की सनई, ताशे, पेढे, फोटो आणि अभिनंदनाची झुंबड तेव्हाच उडते. एखाद्या खणखणीत आवाजाच्या मामांनी माइकवरून ‘दोन मिनिटं सगळ्यांनी शांत राहा’ म्हणायला हवं, आणि वाजंत्रीवाल्यांना आधीच सांगून ठेवायला हवं. दुसरी जागा सप्तपदीच्या सातव्या पावलानंतर. ‘सखा’ म्हणून झालेलं असतं, तिथे तुमचे शब्द अगदी सहज जोडले जातात. पण तोवर निम्मं कार्यालय पंगतीला गेलेलं असतं, राहतात ती घरची माणसं.

मला दुसरी जागा आवडते. हे बोलणं ज्यांच्या साक्षीने व्हावं ती माणसं नेमकी होमाजवळ उरलेली असतात. पण आजोबांना फार वेळ बसवत नसेल, किंवा तुमचे मित्रमैत्रिणी हेच तुमचे खरे साक्षीदार असतील, तर पहिली घ्या. रिसेप्शनच्या स्टेजवर मात्र नको. तिथे रांगेतल्या माणसाचं लक्ष तुमच्यावर नसतं, आणि त्यात त्याची चूक नाही. मुहूर्ताच्या आधी, अंतरपाट धरलेला असताना म्हणू का, असंही कुणी विचारतं. तेही नको. घटका भरत आली की गुरुजींचा जीव घड्याळात असतो.

कायद्याचं थोडक्यात, पण वाचा, कारण यात गोंधळ फार. तुमची प्रतिज्ञा विधींच्या जोडीला आहे, जागी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न दोघांपैकी एकाच्या तरी रूढ विधींनी लागावं लागतं, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने या कायद्याखालचं लग्न सिद्ध होत नाही. तेव्हा ‘आमच्या प्रतिज्ञा झाल्या, आता होम-सप्तपदी गाळा’ असं करू नका. विधी मनापासून नकोच असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट सरळ आहे. तीस दिवसांची नोटीस, मग विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत, मी अमुक तुला अमुकला कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारते, या अर्थाचं ठरलेलं वाक्य दोघांनी म्हणायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. ते वाक्य बदलता येत नाही, मागेपुढे तुमची पानं कितीही जोडा. तुमच्या बाबतीत घरच्यांना विधी हवेच आहेत, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. पण नोंदणी करून घ्या.

आता कागद. मुंडावळ्या डोळ्यांवर लोंबत असतात, त्यातून बारीक अक्षर वाचता येत नाही. होमाच्या धुराने डोळे चुरचुरत असतात. हातात चुडा, मेंदी, आणि शेल्याच्या गाठीने दोघं बांधलेले, त्यामुळे वळणंही अवघड. मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन नेमकी तेव्हाच बंद पडते, आणि फोटोत मान खाली घालून फोन बघणारी नवरी दिसते. जाड कार्डावर मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच वाक्य असं छापून घ्या. दोन प्रती काढा, एक करवलीकडे ठेवा. पाठ करू नका, त्या दिवशी स्वतःचा पिनकोड आठवत नाही. माइक कुणीतरी धरायला हवा, तो माणूस आदल्या दिवशी नेमा. घरी दोनदा मोठ्याने म्हणून पाहा, निदान एकदा उभ्याने. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य लांब झालंय, ते तोडा. रडू आलं तर थांबा, पाणी प्या, पुढे वाचा, कुणाला घाई नसते.

शेवटी गुरुजी. तुमचे नाशिकचे गुरुजी घरच्या पिढीजात ओळखीचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना हे लग्नाच्या दिवशी सांगू नका. निदान महिनाभर आधी दोघांनी जाऊन भेटा, आणि कार्डं बरोबर न्या. त्यांची पहिली शंका वेळेची असते, म्हणून ‘दोघांची मिळून तीन मिनिटं’ हे आधी सांगा. दुसरी शंका असते, की मंत्रांच्या मध्येच काही घुसवणार का? तर नाही, सातवं पाऊल झाल्यावर, पुढचा विधी सुरू व्हायच्या आधी, हे स्पष्ट करा. बहुतेक गुरुजी हो म्हणतात, काही तर स्वतःच ‘सखा’ या मंत्राचा अर्थ सांगून तुम्हाला सुरुवात करून देतात. नाहीच म्हणाले तर वाद घालू नका. सगळे विधी आटोपून आशीर्वाद मंत्र झाले की तेवढी तीन मिनिटं कार्यालयाकडे मागून घ्या, वाढपी मंडळींना आधी कल्पना द्या, आणि तिथे म्हणा.